समोर न बसता मनावर उपचार? पत्रापासून व्हिडिओ कॉलपर्यंतचा प्रवास

"डॉक्टर, मी त्यांच्यासमोर बसलेच नाही, तर माझ्या मनातलं त्यांना कळणार कसं?"

काही दिवसांपूर्वी एका शिक्षिकेने मला हा प्रश्न विचारला. झोप लागत नाही, छातीत धडधडते, वर्गात उभे राहिले की दरदरून घाम फुटतो, अशा तक्रारी घेऊन त्या आल्या होत्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी सगळे ठीक निघाले. त्रास चिंतेचा होता. पण त्यांच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे एसटीत अख्खा दिवस आणि शाळेची एक रजा. दर आठवड्याला हे कसे जमणार? म्हणून मी ऑनलाइन उपचार सुचवले आणि त्यांनी वरचा प्रश्न केला.

प्रश्न अगदी रास्त आहे. कदाचित तुमच्याही मनात तो असेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ या. कारण दुरून मनाशी बोलणे ही कोविडच्या काळात निघालेली टूम नाही. तिला शंभरहून अधिक वर्षे झाली आहेत. या काळात साधने बदलत गेली आणि प्रत्येक साधनाने आपल्याला काही तरी शिकवले.

पत्रांचा काळ

१९०८ साली व्हिएन्नामध्ये पाच वर्षांच्या एका मुलाला घोड्यांची इतकी भीती बसली की तो घराबाहेर पडेना. त्याच्यावर सिग्मंड फ्रॉइड यांनी केलेले उपचार 'लिटल हान्स' या नावाने प्रसिद्ध आहेत. गंमत म्हणजे या उपचारादरम्यान फ्रॉइड त्या मुलाला फक्त एकदा भेटले. बाकी सगळे काम मुलाच्या वडिलांमार्फत चालले. वडील टिपणे काढून पाठवत आणि फ्रॉइड मार्गदर्शन करत. त्या भीतीचा फ्रॉइड यांनी लावलेला अर्थ आज फारसा कोणी मानत नाही. मुलाचे मन त्यांच्यापर्यंत पोचत होते ते वडिलांच्या नजरेतून, हा आक्षेपही पुढे घेतला गेला.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. र. धों. कर्वे पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते उत्तरे देत. घरात आईला, नवऱ्याला किंवा वैद्याला विचारता येणार नाही, असे प्रश्न लोक पत्रातून विचारत. या उत्तरांमुळे १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. कर्वे खटला हरले, दंड झाला, पण मासिक त्यांनी अखेरपर्यंत चालवले.

पत्रांनी शिकवले ते हे: समोर माणूस नसला की काही जणांना बोलणे सोपे जाते. मात्र आपले मन आपणच मांडायला हवे. मधला माणूस आला की चित्र बदलते.

टेलिफोनच्या पलीकडचा आवाज

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनमधल्या एका चर्चमध्ये चॅड वाराह नावाच्या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' म्हणून ओळखली गेली.

तिच्या मुळाशी एक दुःखद घटना होती. १९३५ साली वाराह यांनी धर्मगुरू म्हणून पहिला अंत्यविधी केला, तो एका कोवळ्या वयाच्या मुलीचा. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला गुप्तरोग झाला असा तिचा समज झाला, विचारायला कोणी नव्हते, आणि तिने जीव दिला. कर्वे मुंबईत ज्या अज्ञानाशी झगडत होते, त्याच अज्ञानाने तिकडे एका मुलीचा बळी घेतला होता.

वाराह यांना भेटायला येणाऱ्यांची रांग लागू लागली. त्यांची पाळी येईपर्यंत स्वयंसेवक त्यांना चहा देत आणि त्यांचे ऐकून घेत. हळूहळू लक्षात आले की अनेकांचे ओझे या बोलण्यानेच हलके होते आणि ते वाराह यांना न भेटताच निघून जातात. तेव्हा ऐकण्याचे हे काम स्वयंसेवकांकडेच सोपवले गेले.

इथे एक फरक मात्र लक्षात ठेवा. हेल्पलाइन म्हणजे संकटातला आधार. ती उपचाराची जागा घेत नाही. पाय मोडल्यावर कोणी खांदा दिला तर दवाखान्यापर्यंत पोचता येते, पण प्लास्टर तिथे गेल्यावरच होते.

पडद्यावरचा डॉक्टर

व्हिडिओ कॉलचा खरा पूर्वज अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सापडतो. तिथे अंतरे मोठी आणि मानसोपचारतज्ज्ञ मोजके. १९५९ च्या सुमारास ओमाहा शहरातल्या मानसोपचार संस्थेत डॉ. सेसिल विटसन आणि सहकाऱ्यांनी दुतर्फा दूरचित्रवाणी जोडून गटोपचार करून पाहिले. १९६४ मध्ये त्यांनी ११२ मैलांवरचे, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर दूरचे नॉरफोक येथील सरकारी मनोरुग्णालय अशाच पद्धतीने जोडले.

पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. थॉमस ड्वायर यांनी १९७३ मध्ये असाच अनुभव लिहिला. काही रुग्णांना, विशेषतः किशोरवयीन मुलांना, एका खोलीत बसण्यापेक्षा पडद्यावरच्या डॉक्टरशी बोलणे सोपे वाटत होते. म्हणजे आमच्या शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच मिळाले होते.

उरलेले उत्तर नंतरच्या संशोधनाने दिले. नैराश्य, चिंता आणि आघातानंतरचा मानसिक त्रास यांवर प्रशिक्षित तज्ज्ञाने व्हिडिओवरून केलेल्या मानसोपचाराचा गुण बहुतेक अभ्यासांत समोरासमोरच्या उपचाराइतकाच दिसला आहे.

एलायझा : पलीकडे कोणीच नव्हते

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संगणक प्रोग्रॅम जाहीर केला. तो मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करायचा. तुम्ही "मला उदास वाटते" असे लिहिले, की तुमचेच शब्द उलटवून तो प्रश्न विचारायचा. त्याला काहीच समजत नव्हते. हे ठाऊक असूनही वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने थोडा वेळ टाइप केल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, कारण तिला खासगी बोलायचे होते! हे पाहून ते इतके अस्वस्थ झाले की पुढे संगणकाच्या मर्यादांवर त्यांनी पुस्तकच लिहिले.

आज मोबाइलमधला चॅटबॉट कितीतरी गोड आणि हुशारीने बोलतो. मन मोकळे करायला तो बरा वाटेल. पण तुमची जबाबदारी घेणारे पलीकडे कोणी आहे का, हा प्रश्न तेव्हाचाच आहे.

भारतात काय घडले?

चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने २०१० मध्ये तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात एक बस फिरवायला सुरुवात केली. गावकरी बसमध्ये बसून पडद्यावर चेन्नईच्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलत आणि औषधे तिथेच मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही फोन आणि ईमेलवरून समुपदेशन देणारी सेवा सुरू केली.

२५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, दूरवैद्यकाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दाखवणे, रुग्णाची ओळख पटवणे, संमती घेणे हे त्यात आले. काही औषधे ऑनलाइन लिहून देण्यावर बंधनेही घातली गेली. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी एखाद्या गोळीसाठी प्रत्यक्ष बोलावले तर रागावू नका. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

मग तुम्ही काय तपासाल?

पहिले, पलीकडे कोण आहे? मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. औषध तेच देऊ शकतात. त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आजही फारसे शिक्षण नसलेला माणूस लावू शकतो. म्हणून शिक्षण कुठे झाले, किती वर्षे काम केले, माझ्यासारख्या त्रासावर काम केले आहे का, हे सरळ विचारा. चांगला तज्ज्ञ याचे वाईट वाटून घेत नाही. परदेशात राहत असाल आणि मराठीतून बोलणारा तज्ज्ञ हवा असेल, तर तिथला कायदा पाहा. अमेरिकेत साधारणपणे रुग्ण ज्या राज्यात बसलेला असतो, तिथला परवाना लागतो.

दुसरे, तुम्हाला मोकळेपणाने बोलायला जागा आहे का? दोन खोल्यांच्या घरात सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सासूबाईंविषयी काय बोलणार? उभी केलेली गाडी, गच्ची, मैत्रिणीचे घर, कुठलीही जागा चालेल. कानाला हेडफोन लावा. बोलणे रेकॉर्ड होते का, नोंदी कोण पाहतो, हेही विचारा.

तिसरे, पडद्यावर न दिसणारे काही आहे का? पडद्यावरून नाडी, वजन, हाताची थरथर, तोंडाचा दारूचा वास कळत नाही. उदासी आणि थकव्यामागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता असू शकते. म्हणून एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासून घ्याच.

चौथे, अचानक काही झाले तर काय? तुम्ही कुठून बोलत आहात तो पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर तज्ज्ञाकडे असायला हवा. कॉल तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

ऑनलाइन कधी नको?

आत्महत्येचे विचार तीव्र असतील, भास होत असतील, संशयाने माणूस बेभान झाला असेल, दारू अचानक सोडल्यावर थरथर आणि बडबड सुरू झाली असेल, खाणे सोडून वजन झपाट्याने उतरत असेल, तर व्हिडिओ कॉलच्या वेळेची वाट पाहू नका. थेट रुग्णालयात जा. घरात मारहाण होत असेल तर त्याच घरातून कॉल करणे धोक्याचे ठरू शकते. सुरक्षित जागा आधी शोधा. अगदी लहान मुलांनाही पडद्यापेक्षा प्रत्यक्ष भेट बरी.

इतके असूनही शंका असेल तर तीन-चार सत्रे करून पाहा. आपले ऐकले जाते आहे असे वाटते का, पुढे काय करायचे ते कळते आहे का, हे स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर तज्ज्ञ बदला किंवा प्रत्यक्ष भेटीकडे वळा. त्यात अपयश काहीच नाही.

आमच्या शिक्षिकाबाईंनी मधला मार्ग काढला. पहिली भेट त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन घेतली. आता दर गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या ग्रंथालयाच्या खोलीचे दार लावून बोलायला बसतात. परवा म्हणाल्या, "समोर बसले असते ना डॉक्टर, तर मी इतकी रडलेच नसते."

लंडनमधल्या सेवेमागची ती मुलगी नव्वद वर्षांपूर्वी गेली. तिला एकच गोष्ट हवी होती, खरे सांगणारे कोणी तरी. आज तुमच्या हातातल्या फोनवरून तसा माणूस गाठता येतो. माणूस नीट पारखून घ्या, पण बोलायचे टाळू नका.

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासाचे निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा.)