बसलेल्या नजरेची घरे

वास्तुकलेच्या इतिहासात अपंगत्वाचा उल्लेख येतो तो बहुधा सोयींच्या यादीत. रॅम्प, कठडा, रुंद दार. मूळ रचना आधी झालेली असते, ही जोड नंतरची, असा त्यामागचा समज. तो किती अपुरा आहे, हे मला दोन घरांचा अभ्यास करताना उमगले.

पहिले घर अमेरिकेतील रॉकफर्डचे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असलेल्या केनेथ लॉरेंट यांचे पाय मणक्यातील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर लुळे पडले. त्यांनी आणि पत्नी फिलिस यांनी फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे घराची मागणी केली. १९५२ मध्ये पूर्ण झालेले हे घर एकमजली आणि धनुष्याकार आहे. त्याची काचेची लांब भिंत बागेकडे उघडते. आत पायरी नाही. आसने बुटकी आहेत आणि दृश्ये बसलेल्या नजरेच्या हिशेबाने आखलेली. सार्वजनिक जागा अपंगांना खुल्या करणारा अमेरिकेचा व्यापक कायदा आला तो १९९० मध्ये.

दुसरे घर फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या टेकडीवरचे, १९९८ सालचे. मोटार अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत आलेल्या ज्याँ-फ्रान्स्वा लमॉय्न यांनी रेम कूलहास यांना सांगितले, मला साधे घर नको, गुंतागुंतीचे हवे. कारण यापुढे तेच माझे जग असणार आहे. तेव्हा सपाट बंगल्याऐवजी तीन मजल्यांचे घर उभे राहिले. मधोमध सुमारे तीन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब असा सरकता तक्ता. तीच मालकाची अभ्यासिका. ती खाली स्वयंपाकघराला मिळते, मध्ये काचेच्या दिवाणखान्याला, वर शयनगृहाला. शेजारी तिन्ही मजले उंच पुस्तकांची भिंत. तक्ता हलला की घराची रचनाच बदलते. तो दूर असला की तिथे पोकळी उरते.

अपंगत्वातून प्रतिभा फुलते, असे म्हणणे मला भाबडे वाटते. दुखापत काहीच निर्माण करत नाही. निर्माण करते ती त्या माणसाची नेमकी मागणी, आणि ती दयेने न ऐकता आव्हान म्हणून ऐकणारा वास्तुकार. अर्थात अशी मागणी करायला ऐपतही लागते. लॉरेंट यांना अपंग माजी सैनिकांसाठीच्या सरकारी अनुदानाचा आधार होता, लमॉय्न स्वतः सधन होते.

लमॉय्न २००१ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या घराची नोंद फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तूंत झाली. नकाशावर नाव वास्तुकाराचे असते. पण या दोन्ही घरांचा पहिला आराखडा, माझ्या मते, खुर्चीत बसलेल्या माणसाने तोंडी सांगितला होता.