भारतीय नौदल वायू स्क्वाड्रन ३००

भारतीय नौदल वायू स्क्वाड्रन ३०० ही भारतीय नौदलाच्या हवाई शाखेतील लढाऊ विमानांची तुकडी असून ती ‘व्हाइट टायगर्स’ या नावाने ओळखली जाते. गोव्यातील दाबोळी येथील आयएनएस हंसा हा तिचा तळ होय. किनाऱ्यावरील विमानांच्या पल्ल्याबाहेर नौदलाच्या ताफ्याचे हवाई हल्ल्यांपासून रक्षण करणे आणि शत्रूची जहाजे व बंदरे यांवर मारा करणे ही तिची मुख्य कामे आहेत.

इतिहास

७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमध्ये सी हॉक विमानांसह या तुकडीची स्थापना झाली. १९६१ मध्ये सेवेत आलेल्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजावर ती तैनात झाली. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबर रोजी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले. या मोहिमेमुळे पूर्व पाकिस्तानातील सैन्याचा सागरी रसदमार्ग रोखण्यास मदत झाली.

१९८३ पासून उभ्याने उतरू शकणारी सी हॅरियर विमाने दाखल झाली. विक्रांत आणि पुढे आयएनएस विराटवरून त्यांनी सेवा बजावली. ११ मे २०१६ रोजी त्यांना निरोप देण्यात आला व तुकडीने मिग-२९के विमाने स्वीकारली.