टँगोमधील नेतृत्व : पुरुषाचे की जाणकाराचे?

१/९
टँगो म्हटले की एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते : पुरुष पावलांची दिशा ठरवतो आणि स्त्री मागे सरकत त्याला साथ देते. ही वाटणी जणू निसर्गानेच केली असावी, असे वाटते. मात्र ज्या ब्यूनस आयर्समध्ये हे नृत्य वाढले, तेथील इतिहास वेगळे काही सांगतो. #इतिहास

२/९
१८६९ च्या जनगणनेत अर्जेंटिनाची लोकसंख्या १८ लाखांच्या आसपास होती; १९१४ मध्ये ती ७८ लाखांवर गेली. इटली आणि स्पेनमधून आलेल्या या लोंढ्यात एकट्या पुरुषांची संख्या फार मोठी होती. आफ्रिकी वंशीयांचे ताल, स्थानिक गाणी आणि युरोपीय जोडीनृत्ये यांच्या मिश्रणातून या शहराच्या गरीब वस्त्यांत टँगो आकारास आला.

३/९
या शहरात पुरुष सरावासाठी एकत्र जमत. त्या सरावाला ‘प्राक्तिका’ म्हणत. तेथे पुरुष पुरुषांबरोबरच नाचत आणि नवशिक्याला आधी अनुसरणाची भूमिका शिकावी लागे. ती अंगवळणी पडल्यावरच नेतृत्वाची पाळी येई. जुन्या नर्तकांच्या आठवणींत ही पद्धत वारंवार भेटते.

४/९
यामागे नृत्याचेच तर्कशास्त्र होते. टँगोत पावलांचा क्रम आधी ठरलेला नसतो. नेतृत्व करणारा आलिंगनातून, छातीच्या हालचालीतून संकेत देतो. जोडीदाराचा भार कोणत्या पायावर आहे, हे न ओळखता दिलेला संकेत वाया जातो. ती जाण दुसऱ्या बाजूने नाचल्याशिवाय येणे कठीण.

५/९
‘स्त्रियांची संख्या कमी, म्हणून पुरुष आपापसांत नाचले’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. १९४० च्या दशकात, टँगोच्या सुवर्णकाळात, शहरातील स्त्री-पुरुष प्रमाण बरेच समतोल झाले होते. तरीही प्राक्तिका सुरूच होत्या.

६/९
कारण मिलोंगा, म्हणजे टँगोची नृत्यसभा, ही परीक्षेची जागा होती. तेथे आमंत्रण नजरेने दिले जाई. त्याला ‘काबेसेओ’ म्हणतात. स्त्रीने नजर वळवली की नकार स्पष्ट होई. कच्च्या नर्तकाला रात्रभर बसून राहावे लागे. मुली घरी, आई-मावशी-बहिणींकडून शिकत. तेव्हा त्यांच्यातही कोणा एकीला नेतृत्व करावेच लागे.

७/९
म्हणून तो समतेचा काळ होता, असे मात्र नव्हे. मिलोंगात पाऊल टाकताच भूमिका कठोरपणे वाटल्या जात. पुरुषांच्या त्या सरावावर आजचे अर्थ सरसकट लादणेही योग्य नाही.

८/९
१९५५ मध्ये पेरोन यांची सत्ता उलथली. पुढील काळात नव्या संगीताची लाट आली, टँगोचा बहर ओसरला आणि प्राक्तिकांची साखळी तुटली. १९८३ मध्ये पॅरिसमध्ये व १९८५ मध्ये ब्रॉडवेवर ‘टँगो आर्जेंटिनो’ हा प्रयोग गाजला आणि जगभर वर्ग निघाले. तेथे बहुधा पहिल्या दिवसापासून पुरुष नेता आणि स्त्री अनुयायी. पूर्वी शिक्षणाच्या ज्या दोन पायऱ्या होत्या, त्या आता दोन लिंगांच्या दोन खोल्या झाल्या.

९/९
२००१ मध्ये हॅम्बुर्ग येथे क्वीअर टँगोचा महोत्सव भरला. तेथे भूमिका लिंगावरून नव्हे, इच्छेने निवडायची होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नृत्य परिषदेनेही बॉलरूम स्पर्धांसाठी जोडीची व्याख्या लिंगनिरपेक्ष केली. अशा बदलांना ‘परंपरेवर घाला’ म्हणणारे आजही भेटतात. त्यांना एवढेच विचारावे : कोणती परंपरा? ब्यूनस आयर्सच्या जुन्या उस्तादांपैकी अनेकांनी पहिले पाऊल मागेच टाकले होते.