चुका कमी केल्या आणि स्पीडच गेला!

आधी माझी एक फजिती सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला मोबाइल नेटवर्कच्या सिम्युलेटरवर बसवलं होतं. पाठवलेल्या डेटा ब्लॉकपैकी १० टक्के पहिल्या फटक्यात चुकत होते. म्हटलं, सापडला बग! बग रिपोर्ट टाकला, सेटिंग कडक केलं, चुका जवळपास शून्यावर आणल्या आणि खुशीत टीम लीडला दाखवायला गेले. तो म्हणाला, "चुका गेल्या गं, पण स्पीड कुठे गेला?"

याचं उत्तर शोधत मी पोचले थेट १९४०च्या दशकात, नेदरलँड्सच्या टपाल-तार खात्यात. तिथले इंजिनिअर फान ड्यूरेन शॉर्टवेव्ह रेडिओवरून टेलिप्रिंटर चालवायच्या मागे होते. हवेत सिग्नल बुडाला की छापलेलं अक्षर भलतंच यायचं. टेलिप्रिंटरचं अक्षर ५ बिटांचं, म्हणजे ३२ जोड्या. त्यांनी ७ बिट घेतले आणि नियम केला: त्यात १ हा आकडा बरोबर तीनदाच यायला हवा. अशा जोड्या होतात ३५. ३२ नेहमीच्या, आणि उरलेल्यांपैकी एक म्हणजे "पुन्हा पाठव!" मशीन फक्त मोजायचं. तीन भरले नाहीत, की मागणी आपोआप परत जायची. मध्ये माणूस नाही. (एक १ गेला आणि दुसरीकडे एक आला, तर मात्र मशीन फसायचं.)

पण किंमत बघा. ५ बिटांच्या मालासाठी ७ पाठवायचे, म्हणजे काहीही चुकण्याआधीच क्षमता ७१ टक्क्यांवर. वर प्रत्येक 'पुन्हा'चा वेळ वेगळा. शिवाय बिघडलेलं अक्षर सरळ फेकून द्यायचे.

हे फेकणं मला सगळ्यात जास्त खटकतं. आपण असं करतो का? एसटीतून आईचा फोन येतो, "रविवारी... खरखर... वाजता". पुन्हा विचारलं की ऐकू येतं, "खरखर... सहा वाजता". आपण दोन्ही जोडतो ना! १९८५ साली डेव्हिड चेस यांनी नेमकं हेच गणितात मांडलं: खराब प्रत टाकू नका, जपून ठेवा, पुढची आली की दोन्ही मिळून वाचा. याच धर्तीची आणखी एक पद्धत आहे. दुसऱ्या वेळी तोच माल न पाठवता दुरुस्तीचे नवे बिट पाठवायचे.

राहिला प्रश्न वाट बघण्याचा. ४जीच्या नेहमीच्या प्रकारात ब्लॉक १ मिलिसेकंदाचा, पण तो पोचला की नाही हे कळून पुन्हा पाठवेपर्यंत ८ मिलिसेकंद जातात. नुसतं थांबलो तर आठातले सात भाग वाया. म्हणून असे आठ व्यवहार एकाच वेळी चालवतात. एक उत्तराची वाट बघतो, तोवर बाकीचे सात पाठवत असतात.

आता माझे १० टक्के. ४जीचा फोन टॉवरला कळवतो, की चुका १० टक्क्यांच्या आत ठेवून मला जास्तीत जास्त किती वेग झेपेल. समजा, १००च्या वेगाने पाठवलं आणि दहातला एक चुकला, तर हाती येतात ९०. मी घाबरून वेग ७०वर आणला होता. चूक एकही नाही, पण हाती ७०च! आणि तो चुकलेला दहावा ब्लॉकही वाया जात नाही, पुढच्या प्रतीला मदत करतो.

सेटिंग मी गुपचूप परत १० टक्क्यांवर नेलं. बग रिपोर्ट मात्र तोवर सगळ्या टीमला गेला होता, माझ्या नावासकट.