संदर्भलेखन

संदर्भलेखन म्हणजे शोधनिबंध, प्रबंध किंवा अभ्यासग्रंथ लिहिताना दुसऱ्याचे विधान, विचार, आकडे वा अवतरण ज्या साधनातून घेतले, त्याची ठरावीक रीतीने केलेली नोंद होय. ही नोंद मजकुरातच कंसात, पानाच्या तळाशी (तळटीप), प्रकरणाच्या अखेरीस (अंत्यटीप) किंवा ग्रंथाच्या शेवटी संदर्भसूचीच्या रूपात केली जाते. नोंद बिनचूक आहे की नाही, याची कसोटी एकच आहे : तिच्या आधारे अनोळखी वाचकाला त्याच ग्रंथाच्या, त्याच आवृत्तीतील, त्याच पानावर पोहोचता आले पाहिजे. स्वल्पविराम कोठे द्यावा, हा प्रश्न त्यानंतरचा.

प्रयोजन

संदर्भ देणे ही केवळ ऋणनिर्देशाची औपचारिकता आहे, असा समज विद्यार्थ्यांत बराच रूढ आहे. ऋणनिर्देश हा तिचा एक भाग झाला. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेखकाचे विधान तपासण्याचा अधिकार त्यामुळे वाचकाला मिळतो. निराधार असे काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ याने केली होती. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधकांनीही हाच दंडक मानला.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे याचे उत्तम उदाहरण आहे. काही बखरींच्या आधारे पूर्वी शके १५४९ मधील वैशाख महिना, म्हणजे इ. स. १६२७, हा त्यांचा जन्मकाळ मानला जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही तिथी आढळली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी असल्याने तिला स्वतंत्र दुजोरा मिळाला. एखाद्या लेखकाने नुसते ‘जन्म १६३०’ असे लिहिले, तर त्याने कोणते साधन ग्राह्य मानले आणि कोणते बाजूला सारले, हे वाचकाला कळत नाही. तळटिपेतील एका ओळीने ते कळते.

कालगणनेचा उल्लेख

वरील उदाहरणातच आणखी एक अडचण दडलेली आहे. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. म्हणून पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथींसाठी शकाच्या आकड्यात ७८ मिळवावे लागतात, तर १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९. वैशाख शके १५४९ म्हणजे १६२७, परंतु फाल्गुन शके १५५१ म्हणजे १६३० होय. सरसकट ७८ मिळवणारा अभ्यासक येथे एक वर्ष मागे जातो. शिवाय १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्यूलियन गणनेची आहे. ग्रेगोरियन गणनेने त्या दिवशी १ मार्च येतो. यास्तव मूळ तिथी जशीच्या तशी द्यावी, रूपांतर कंसात द्यावे आणि कोणत्या गणनेने केले ते सांगावे. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा केवळ शक छापलेला असतो व महिना नसतो. अशा वेळी तर्काने इसवी सन ठरवण्यापेक्षा शकच नोंदवणे श्रेयस्कर.

आवृत्ती आणि क्रमांक

मराठी साहित्याच्या अभ्यासात सर्वाधिक घोटाळा आवृत्तीमुळे होतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांचा संदर्भ अध्याय व ओवी या क्रमाने देण्याची रीत आहे. परंतु वि. का. राजवाडे यांच्या प्रतीतील आणि इतर प्रचलित प्रतींतील ओव्यांची संख्या सारखी नाही, त्यामुळे तीच ओवी एका प्रतीत एका क्रमांकावर तर दुसरीत पुढेमागे सापडते. तुकोबांच्या गाथेत ही अडचण अधिक तीव्र आहे, कारण तेथे अभंगांचा क्रमच संपादकागणिक बदलतो. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून निघालेली शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांची गाथा आणि वारकरी परंपरेत वापरली जाणारी एखादी गाथा समोरासमोर ठेवल्या, की नुसता ‘अभंग क्र.’ किती अपुरा आहे ते लक्षात येते. क्रमांकासोबत संपादकाचे नाव व प्रकाशनवर्ष देणे म्हणूनच अनिवार्य ठरते.

महाभारताबाबतही हेच लागू पडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त ठरलेले श्लोक मुख्य संहितेतून काढून टीपांत व परिशिष्टांत ठेवले आहेत. साहजिकच तिचे श्लोकांक नीलकंठी टीकेसह छापलेल्या प्रतींशी जुळत नाहीत.

ऐतिहासिक पत्रांसाठी पृष्ठांकापेक्षा लेखांक अधिक भरवशाचा असतो. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतील पत्रे खंड व लेखांक यांनीच उद्धृत करतात. अप्रकाशित मोडी कागदांसाठी दफ्तराचे नाव व रुमालाचा क्रमांक द्यावा, आणि लिप्यंतर कोणी केले तेही नोंदवावे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसल्याने वाचनात मतभेद संभवतात.

अवतरण देताना मूळ लेखन बदलू नये. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या मजकुरातील अनुच्चारित अनुस्वार अनेकजण ‘दुरुस्त’ करतात. हेतू चांगला असला, तरी ती मुळाशी केलेली ढवळाढवळच होय.

लेखकनाम

सूचीत आडनाव आधी व आद्याक्षरे नंतर लिहितात (देशपांडे, पु. ल.). टोपणनाव मात्र उलटवीत नाहीत. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा संग्रह विभावरी शिरूरकर या नावाने निघाला. लेखिकेचे खरे नाव मालतीबाई बेडेकर. पुस्तकावर छापलेले नाव मुख्य नोंदीत ठेवून दुसरे नाव चौकटी कंसात देणे सोयीचे पडते. मराठी विश्वकोशातील नोंदींच्या अखेरीस नोंदलेखकाचे नाव दिलेले असते. ‘विश्वकोशात म्हटले आहे’ असे लिहून त्याला अनामिक ठेवणे योग्य नाही.

शैली व संक्षेप

मानव्यविद्यांत एमएलए (नववी आवृत्ती, २०२१) व शिकागो, तर सामाजिक शास्त्रांत एपीए (सातवी आवृत्ती) या शैली विशेष वापरल्या जातात. मराठी प्रबंधांत तळटिपा वा अंत्यटिपा अजूनही अधिक दिसतात. लगेच आधीच्या टिपेतील ग्रंथासाठी ‘तत्रैव’, जुन्या पुस्तकांत ‘कित्ता’, तसेच संपा., अनु., आवृ., पृ. हे संक्षेप रूढ आहेत. टंकलेखनात मध्येच नवी टीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते, हे ध्यानात ठेवून अंतिम प्रतीत प्रत्येक ‘तत्रैव’ पुन्हा तपासावे.

दुय्यम उद्धरण

मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण उचलून मूळ ग्रंथाचाच पृष्ठांक देणे, ही फार पसरलेली चूक आहे. त्यामुळे मधल्या लेखकाची मुद्रणचूकही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. अशा वेळी प्रत्यक्ष हाताळलेल्या ग्रंथाचा निर्देश करून ‘येथे उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे.

वाङ्मयचौर्यविषयक नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांस एक वर्ष तो सादर करण्यास मनाई होते, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. मात्र संगणकप्रणाली शब्दांचे साम्य मोजते, विचारांचे नव्हे. शब्द फिरवून घेतलेला विचार तिच्या नजरेतून सुटतो, परंतु त्याचा निर्देश न करणे हेही चौर्यच ठरते.

महाजालावरील साधने

संकेतस्थळावरील मजकूर बदलत असल्याने दुव्यासोबत पाहिल्याची तारीख द्यावी. डीओआय क्रमांक उपलब्ध असल्यास तो अधिक टिकाऊ. छायाप्रतीच्या संचिकेतील पानाचा आकडा आणि ग्रंथावर छापलेला पृष्ठांक वेगळे असतात. नोंदवायचा तो छापील. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे खरे वाटणारे संदर्भ तयार करून देतात, म्हणून त्यांनी सुचवलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत वा मूळ नियतकालिकात पडताळल्याशिवाय घेऊ नये.