मेटलचं सोवळं

२००० ते २०१० या काळात सिंहगड रस्त्यावरच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर ज्याने दिवस काढले, त्याने एक वाक्य नक्की ऐकलं असेल : ‘हे मेटल नाहीच.’ कोणी ‘कॉर्न’ लावलं की आयर्न मेडनचा टी-शर्ट घातलेला मुलगा हे वाक्य टाकायचा. त्या मेडनवाल्याला डेथ मेटल ऐकणारा ‘पॉपवाला’ म्हणायचा. आणि नॉर्वेचं ब्लॅक मेटल ऐकणारा एखादा कोपऱ्यात बसून या दोघांशीही बोलायचा नाही. मी खडकवासल्याचा, म्हणजे घरून येऊन-जाऊन शिकणारा. पण शेवटची पीएमटी चुकली की मुक्काम त्या खोल्यांवरच असायचा, त्यामुळे ही भांडणं मी रात्र-रात्र ऐकली आहेत आणि त्यात भरपूर तोंडही घातलं आहे.

बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. पण ‘हे मेटल की नाही’ या प्रश्नावर कोणाला मंच मिळतो, कोणाला बक्षीस मिळतं आणि पुढे कोणाची नोंद राहते, हे ठरत आलं आहे. म्हणून ही रेष कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर आखली, हे एकदा सरळ पाहायला हवं.

सुरुवात बर्मिंगहॅमची. कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचा हात हाच. त्याने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या तारा उतरवूनही घेतल्या. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ‘ब्लॅक सबाथ’चा पहिला अल्बम आला. त्यातलं बँडच्याच नावाचं गाणं ज्या तीन स्वरांवर उभं आहे ते आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्जावर तीव्र मध्यम नुसता आणून ठेवला, त्याला पंचमावर नेऊन सोडवला नाही, तर कानाला जी अस्वस्थता येते, तिच्यावर ते सगळं गाणं चालतं.

इथेच मेटलचा कणा सापडतो : रिफ. गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा, चार-सहा स्वरांचा ठसठशीत तुकडा. बंदिशीत जसा मुखडा, तसा इथे रिफ. फरक एवढाच की मुखड्यावरून गवय्या दूर जाऊन परत येतो आणि मेटलमध्ये बाकी सगळे रिफभोवतीच राहतात. त्याच्या जोडीला पॉवर कॉर्ड, म्हणजे षड्ज-पंचम एकत्र. गिटारचा आवाज मुद्दाम फाटवला की त्यात इतके वरचे नाद मिसळतात की मधला गंधार टाकला तर चिखल होतो. म्हणून फक्त षड्ज आणि पंचम. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे परकं वाटू नये.

मजा अशी, की हे सगळं सुरू करणाऱ्यांना ‘हेवी मेटल’ हे नाव फारसं रुचलं नव्हतं. समीक्षकांनी ते बरेचदा नाक मुरडून वापरलं. मोटरहेडचा लेमी तर शेवटपर्यंत आम्ही रॉक अँड रोल वाजवतो म्हणत राहिला. म्हणजे मेटलची पहिली रेष बाहेरच्यांनी आखली, आणि ती हिणवण्यासाठी होती.

दुसरी रेष आतल्यांनी आखली. १९७९ साली ‘साउंड्स’ या ब्रिटिश साप्ताहिकाने ‘ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट’ असं नाव चालवलं आणि आयर्न मेडन, सॅक्सन, डायमंड हेड अशा बँडना एका माळेत ओवलं. ज्युडास प्रीस्टने ब्लूजचा अंश गाळत नेला आणि १९८० मध्ये अल्बमला ‘ब्रिटिश स्टील’ असं नाव दिलं. शिवी बिरुद झाली. पण बिरुद झाल्याबरोबर त्याचे वारसदार भांडू लागले. एकीकडे लॉस एंजेलिसचे केस फुगवलेले, लिपस्टिक लावलेले बँड. दुसरीकडे १९८३ साली पहिला अल्बम काढणारी मेटॅलिका आणि तिच्या बरोबरचे थ्रॅश बँड. डीना वाइनस्टाइन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात ही फाळणी नोंदवली आहे : एक सौम्य फांदी, एक वेगवान फांदी. थ्रॅशवाल्यांचा ग्लॅमवर आक्षेप संगीतापुरता नव्हता. कपडे, केस, समोर उभ्या मुली, टीव्हीवरचा वावर, सगळंच त्यात आलं. आणि ‘बायकांना आवडतं म्हणजे मेटल नाही’ हा त्यातला न बोललेला निकष होता. तो आमच्या हॉस्टेलपर्यंत जसाच्या तसा पोचला होता.

तिसरी रेष एका बक्षीस समारंभात उघडी पडली. २२ फेब्रुवारी १९८९ रोजी ग्रॅमीमध्ये पहिल्यांदा हार्ड रॉक आणि मेटल यांचं मिळून एक पारितोषिक ठेवलं होतं. मेटॅलिकाने त्याच मंचावर वाजवलं. बक्षीस मात्र मिळालं जेथ्रो टलला, ज्यांची ओळख मुख्यतः बासरीची. लोकांनी हुर्यो उडवली. आपल्याला मिळणार नाही असं गृहीत धरून टलवाले आलेही नव्हते. त्यांच्या कंपनीने मग जाहिरात केली की बासरी हेही जड धातूचंच वाद्य आहे. पुढच्या वर्षी आयोजकांनी दोन वेगळी पारितोषिकं केली आणि मेटलचं मेटॅलिकाला गेलं. रेष न आखल्यानेही अन्याय होऊ शकतो, हे त्या रात्री दिसलं. सगळं एकाच टोपलीत टाकलं की ओळखीचं नाव जिंकतं.

चौथी रेष आमच्या पिढीची. १९९४ साली कॉर्नचा पहिला अल्बम आला आणि ‘नू मेटल’ सुरू झालं. सात तारांची गिटार, खाली उतरवलेला सूर, हिप-हॉपचा ठेका, गिटारचे एकल तुकडे जवळजवळ बंद. २००० मध्ये लिंकिन पार्कचं ‘हायब्रिड थिअरी’ आलं आणि आपल्याकडे असंख्य पोरांसाठी तेच या घराचं दार ठरलं. पाठोपाठ मेटलकोर : हार्डकोर पंकचा त्वेष आणि स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या बँडच्या धाटणीचे रिफ. जुन्या मंडळींनी दोन्ही नाकारली.

आता महाराष्ट्रात येऊ. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला, धोबी तलावाजवळच्या रंगभवनात त्याचं नाव झालं. १९८४ मध्ये स्थापन झालेलं ‘रॉक मशीन’, पुढचं ‘इंडस क्रीड’, हे हार्ड रॉक. पण त्या काळात हार्ड रॉक आणि मेटल वेगळं काढायची चैन परवडणारीच नव्हती. ज्याच्या गिटारचा आवाज फाटका, तो आपला. पुढे आवाजाच्या आणि शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन बंद पडलं. मेटल जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसरससारख्या जागांमध्ये शिरलं. तिथे एकाच रात्री २००० साली सुरू झालेलं, कीबोर्ड घेऊन डेथ आणि ब्लॅक मेटल मिसळणारं ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ वाजवू शके, हिंदी भयपटाच्या पोस्टरवरून उतरल्यासारख्या नावाचं ‘भयानक मौत’ही, आणि हार्डकोरच्या अंगाने जाणारं, हिंदी सिनेमावर यथेच्छ विनोद करणारं ‘स्क्राइब’ही. बर्लिनमध्ये किंवा लॉस एंजेलिसमध्ये या तिघांचे प्रेक्षक वेगवेगळे झाले असते. इथे तेच दोन-तीनशे लोक तिन्हींसाठी यायचे, कारण चौथा कार्यक्रम कधी होईल याची खात्री नसे.

म्हणजे मंच एकच होता, भांडण मात्र पूर्ण आकारात आयात झालेलं होतं. याचा फटका कसा बसे, ते मी जवळून पाहिलं. खडकवासल्यात आमच्या ओळखीतल्या चौघा पोरांचा एक बँड एका पत्र्याच्या शेडमध्ये सराव करायचा. शेजारी वस्ती नाही, म्हशी होत्या, त्यांची तक्रार नसे. पोरं चांगली होती. ड्रमर तर फारच. एका कॉलेजच्या स्पर्धेत ‘रॉक’ आणि ‘मेटल’ असे दोन गट होते. मेटलच्या परीक्षकांनी ‘हे मेटलकोर आहे, मेटल नाही’ म्हणून त्यांना रॉककडे पाठवलं. रॉकच्या परीक्षकांनी पहिली गुरगुर ऐकून ‘हे ओरडणं आहे, तुम्ही तिकडे जा’ म्हणून परत मेटलकडे. संध्याकाळपर्यंत दोन्ही गट संपले होते. त्या वर्षानंतर तो बँड राहिला नाही. एक पोरगा चाकणला कंपनीत लागला, एक दुबईला. त्याला कारणं अनेक असतील. पण ज्या दिवशी त्यांना वाजवायचं होतं, त्या दिवशी एका व्याख्येमुळे त्यांना वाजवता आलं नाही, हे खरं.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. ठुमरी, दादरा, नाट्यगीत यांना आपण ‘उपशास्त्रीय’ म्हणतो. ती गायला गळा कमी लागतो असं कोणी म्हणणार नाही. तरी तो ‘उप’ चिकटला तो चिकटला. कोठ्यावरून आलेलं, नाटकातून आलेलं, म्हणून दारातच बसवलेलं. मेटलमध्ये ‘कोर’ आणि ‘नू’ हे शब्द नेमकं या ‘उप’चं काम करतात. दुसरं उदाहरण पंडित भातखंड्यांचं. १९१० पासून त्यांनी मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहायला घेतली आणि राग दहा थाटांत बसवले. अमुक राग तमुक थाटात बसतो का, यावर आजही वाद होतात. पण त्या मांडणीमुळे रागांबद्दल बोलायला सगळ्यांना एक भाषा मिळाली. वर्गीकरणाचे हे दोन उपयोग आहेत : ओळख पटवणं आणि दारात थांबवणं. पहिल्याला माझा विरोध नाही.

म्हणून माझा निकष सांगतो. रिफ काढून घेतला तर गाणं उरतं का? उरत असेल तर ते मेटल नाही, कोसळत असेल तर आहे. आणि हा निकष बँडला लावू नये, गाण्याला लावावा.

असं पाहिलं की पुष्कळ गाठी सुटतात. मॉटली क्रूचं १९८३ चं ‘शाउट ॲट द डेव्हिल’ रिफवर उभं आहे, लिपस्टिकसकट ते मेटल. ग्लॅमची हळवी प्रेमगीतं पेटीवरही तितकीच शोभतील, ती नाहीत. लिंप बिझकिटची बरीच गाणी गिटार वगळून ठेक्यावर चालतील; स्लिपनॉटच्या २००१ च्या ‘आयोवा’ला तसं करून पाहा, हातात काही राहणार नाही. किलस्विच एंगेजचं मेटलकोर तर रिफशिवाय पाऊल टाकत नाही. २०१३ मध्ये पुण्यात अमनोराला एनएच७ वीकेंडरमध्ये मेशुगा वाजले. त्यांच्या गिटारीच्या दाबलेल्या, तुटक आवाजावरून ‘जेंट’ हे नाव निघालं आणि त्या नावाची थट्टाही पुष्कळ झाली. पण तिथे ड्रमचा हात सरळ चारात चालतो आणि रिफ वेगळ्याच मापाने फिरत राहून पुष्कळ आवर्तनांनी समेवर भेटतो. तबल्याच्या तिहाया मोजणाऱ्या पुणेकरांना तो हिशोब समजावून सांगावा लागला नसता.

याच निकषाने उलटही होतं. २०१९ मध्ये ओपेथ याच महोत्सवासाठी पुण्यात आले. २०११ च्या ‘हेरिटेज’पासून २०२४ पर्यंत त्यांनी अल्बममधून गुरगुर सोडली होती आणि बरंचसं संगीत सत्तरीच्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे गेलं होतं. माझ्या मते ती नवी गाणी बहुतांशी मेटल नाहीत. त्यात त्यांचा काही अपमान नाही. ‘मेटल नाही’ हे वाक्य ‘वाईट आहे’ या अर्थाने बोलायचं थांबवलं, की ते बिनधोक बोलता येतं.

भारतीय बँडना हा प्रश्न दुहेरी लागतो. इंग्रजी वळणाने वाजवलं तर नक्कल, आपली वाद्यं घेतली तर गंमत. डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ काढला, त्यात भारतीय वाद्यं आहेत. दिल्लीचं ब्लडीवुड ढोल घेऊन २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकेनला गेलं. दोन्हींकडे लोक वाद्यं मोजतात. मी रिफ ऐकतो, आणि दोन्हींकडे तो जागेवर असतो. ढोल हे त्याच्यावर चढवलेलं वजन आहे.

२००२ साली कॅनडातल्या दोघांनी जगभरच्या मेटल बँडची एक सूची सुरू केली, ‘एन्सायक्लोपीडिया मेटॅलम’. तिथेही नू मेटल आणि मेटलकोरची बरीच नावं परत पाठवली जातात, आणि तिथेही शेवटी रिफच तपासतात. पण आणखी एक अट आहे : प्रसिद्ध झालेलं ध्वनिमुद्रण हवं. नुसतं वाजवून नोंद होत नाही. ही अट मला पटते, आणि तिच्यातूनच खरं नुकसान कळतं. ध्वनिमुद्रणाला पैसे लागतात, पैशाला कार्यक्रम लागतात, कार्यक्रमाला कोणीतरी ‘या, वाजवा’ म्हणावं लागतं. दारातून परत पाठवलेल्याचं ध्वनिमुद्रण होत नाही आणि मग इतिहासात तो नव्हताच. त्या शेडमधल्या चौघांचा एक रिफ मला अजून तोंडपाठ आहे. सात मात्रांचा होता, शेवटचा स्वर अर्धा दाबलेला. माझ्या निकषाने ते मेटल होतं. तपासायला आता कोणाकडे काही नाही.