उणे टक्क्यांतली पाणथळ : भिगवणला आपण नेमकं काय बघायला जातो?

आज किल्ले आणि लढाया बाजूला ठेवू. आजचा भाग चिखलाबद्दल आहे.

यंदा जानेवारीत एका शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही ऑफिसमधले चौघं हडपसरहून निघालो. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण, तिथून आत कुंभारगाव. पुण्यातल्या आयटीवाल्यांचा हा ठरलेला हिवाळी कार्यक्रम आहे. उजाडताना होडीत बसायचं, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो बघायचे, काठावर मासळीचं जेवण करायचं आणि दुपारी ट्रॅफिक लागायच्या आत परत. तुमच्यापैकी निम्मे लोक जाऊन आले असतील.

होडीवाले काका पंचावन्नच्या आसपासचे. काठापासून लांब आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी ढकलायला लागले. धुकं होतं. आधी नुसता आवाज आला, गुदमरलेल्या हॉर्नसारखा, आणि मग धुक्यातून एकदम शे-दीडशे रोहित दिसले. माना खाली, चोच उलटी पाण्यात, पाय चिखलात तुडवत हळूहळू पुढे सरकणारे. बाजूला चित्रबलाक, चमचे, शेकाटे. थोडं पलीकडे पट्टकादंब, हिमालय ओलांडून येणारे हंस. आणि वारकरी तर शेकड्याने. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून मराठीत त्याचं नावच वारकरी. भीमेच्या पाण्यावर, पंढरपूरच्या वरच्या अंगाला वारकरी पोहताना बघून मी एकटाच हसलो. बाकीचे तिघं फोटो काढत होते.

मी सहज विचारलं, “काका, खोली किती इथं?”

त्यांनी बांबू उभा टोचून दाखवला. “कंबरंएवढं. आमची ज्वारीची पट्टी हुती ही. बांध तिकडं, त्या बगळ्यापाशी. आन् इहीर त्याच्या म्होरं.”

पाणी आलं तेव्हा ते चौथीत होते. हे ऐकल्यावर माझं पक्ष्यांवरचं लक्ष उडालं ते उडालंच.

घरी येऊन वाचायला बसलो. हा सगळा जलाशय उजनी धरणाचा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काम सुरू झालं, १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण पाण्याचं शेपूट पार दौंड तालुक्यापर्यंत. त्या शेपटात इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंड या चार तालुक्यांतली नदीकाठची काळी जमीन गेली. धरण झालं सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यासाठी, आणि त्याने तो पट्टा बदलला हेही खरं. आज त्या भागात ऊस दिसतो तो याच पाण्यावर.

आता ज्यामुळे ही जागा पाणथळ बनली तो भाग. मी इंजिनिअर आहे (सॉफ्टवेअरवाला, म्हणजे सिव्हिलवाल्यांच्या मते इंजिनिअर नाहीच), त्यामुळे थोडी आकडेमोड सहन करा.

उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी. यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, आणि मृत साठा त्याहून जास्त, ६३.६६ टीएमसी. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणून उन्हाळ्यात बातमी येते, ‘उजनी उणे २० टक्के’. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, डेटामध्ये बग आहे. बग नाही. शून्याच्या खालीही पाणी असतं, उपसा पंपांनी, सोलापूर शहरासाठी सोडलेल्या पाण्याने आणि नुसत्या उन्हाने ते खाली जात राहतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. उणे ५० म्हणजे किती? तरीही जवळपास ३७ टीएमसी उरतं. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांची बेरीज २९ टीएमसीच्या आसपास होते.

दुसरा आकडा मला जास्त आवडला. पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर, मृत साठ्याची ४९१.०३. मधलं अंतर पाच मीटर ऐंशी सेंटिमीटर. दोन मजली घराएवढं. तेवढ्या उंचीत ५३ टीएमसी मावतं, याचा अर्थ पाणी पसरट आहे. भागाकार केला तर सरासरी २६० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या पुणे महापालिकेच्या हद्दीच्या साधारण निम्मं. सह्याद्रीतली धरणं वाटीसारखी असतात, हे परातीसारखं आहे. परातीत पाणी वीतभर उतरलं तरी काठ लांबवर उघडा पडतो. तो उघडा पडणारा, अर्धा पाण्यात अर्धा चिखलात असलेला पट्टा म्हणजे भिगवण. रोहिताला खोल पाणी चालत नाही, त्याला पाय टेकायला चिखल लागतो. म्हणून पावसाळा जोरात झाला आणि धरण तुडुंब राहिलं की ते उशिरा येतात, आणि पुणेकर ‘यंदा फ्लेमिंगो नाहीत’ म्हणून हळहळतात. तेव्हा सोलापूरकर खुशीत असतात.

याच उघड्या पट्ट्यात पाणी उतरेल तशी पेरणी होते. तिला गाळपेर म्हणतात. मालकी सरकारची, पीक एका हंगामाचं. काकांचं कुटुंब स्वतःच्याच जुन्या जमिनीवर असं पाहुण्यासारखं पेरतं.

मग प्रश्न येतो मोबदल्याचा. आपल्याकडे धरणग्रस्तांचा लढा जुना आहे. १९२१ मध्ये मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तोही पुणे जिल्ह्यातच. पण जमिनीच्या बदल्यात जमीन, हे तत्त्व महाराष्ट्रात कायद्यात आलं १९७६ च्या पुनर्वसन कायद्याने. उजनीचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. कायदा आला तेव्हा पाणीही जवळ आलं होतं. कुणाला लाभक्षेत्रात जमीन मिळाली, कुणी रोख रकमेवर भागवलं, कुणी काठावरच नवं गावठाण वसवून जाळं हातात घेतलं. आज आपल्याला पक्षी दाखवणारे बरेच जण या तिसऱ्या गटातल्या घरांचे. काका म्हणाले, “आदी शेतकरी, मग मच्छीमार, आता गाईड. जमीन तीच.”

पाण्याखाली बरंच काही आहे. पुणे ते डिकसळ रेल्वे सुरू झाली १८५८ मध्ये. काही काळ जीआयपी रेल्वेचं पुण्याकडून येणारं शेवटचं टोक हे आडगाव होतं, सोलापूरला गाडी पोहोचायला अजून दोन वर्षं होती. धरणामुळे रेल्वेमार्ग हलवावा लागला, आणि डिकसळजवळचा भीमेवरचा ब्रिटिश काळातला रेल्वे पूल मागे राहिला. काठच्या गावांनी तो रस्ता म्हणून वापरला. त्याहून जुनं म्हणजे पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर. गाव वर महामार्गाशेजारी आलं, मंदिर तिथेच राहिलं. पाणी खूप उतरलं की आधी शिखर दिसतं, मग सभामंडप. ज्या उन्हाळ्यात ते पूर्ण उघडं पडतं त्या उन्हाळ्यात तिथे गर्दी लोटते, रील्स होतात. ते वर्ष खालच्या गावांसाठी दुष्काळाचं असतं, हे रीलमध्ये दिसत नाही. मीही २०२४ मध्ये एक रील फॉरवर्ड केलं होतं, त्यामुळे फार बोलत नाही.

परतताना काकांनी विचारलं, “सर, पुण्यात कुठं ऱ्हाता?” मी म्हटलं, बाणेर. ते हसले. “मग तुमचंच पाणी हाय हे.”

गंमत म्हणून घेतलं, पण नकाशा बघा. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा आणि मुठा संगमावर एक होतात, कवडीवरून पुढे जात रांजणगाव सांडसजवळ भीमेत जातात. इंद्रायणी तुळापूरला भीमेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून जे काही नदीत जातं, त्यातलं प्रक्रिया न झालेलं सांडपाणीसुद्धा, त्याचा पुढचा मोठा थांबा उजनी. माझ्या फ्लॅटच्या सिंकमधून गेलेलं पाणी शंभर किलोमीटर वाहत जाऊन मी ज्या होडीत बसलो होतो तिच्याखाली आलं असणार. त्यातलं नत्र आणि स्फुरद शेवाळ वाढवतं, आणि उथळ पाण्यातल्या शेवाळावर आणि बारीक जिवांवर रोहित जगतात. म्हणजे ‘रोहित आले, म्हणजे पाणी स्वच्छ’ हे समीकरण धरू नका. त्याच खतावर जलपर्णीही माजते. भिगवणच्या मासळी बाजारात ढीग असतात ते चिलापीचे, हा मूळ आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ मध्ये आणलेला, घाण पाण्यातही तग धरणारा. आम्ही जेवणात तोच खाल्ला. चांगला लागला.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. १९७१ च्या रामसर करारात पाणथळीची व्याख्या नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही धरून केली आहे. भारताच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत मात्र पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. म्हणजे मी कंबरभर पाण्यात, चिखलात, हजारो पाणपक्ष्यांच्या मध्ये होडीत बसलो होतो, आणि कागदावर ती पाणथळ नव्हतीच. तो सिंचन प्रकल्प होता. यावर उपाय नाही असं नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हासुद्धा गोदावरीवरचा बंधाराच, पण त्याला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ झालं. उजनीला अभयारण्याचा दर्जा नाही.

मग इथेही अभयारण्य करा, असं मी होडीतच म्हणालो. काकांनी बांबू थांबवला. “मंग मासं कोन धरनार? गाळपेर कोन करनार?” मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. एवढं वाटतं की संरक्षण हवंच, नाहीतर उद्या या उथळ पाण्यावर कुणी काहीही बांधेल. पण एकदा पाण्यासाठी उठवलेल्या माणसाला आता पक्ष्यांसाठी उठवणं, याला मी तरी संवर्धन म्हणणार नाही. जाळी, पेरणी आणि होड्यांचा हक्क आधी लिहून घ्यावा, मग बाकीची अधिसूचना.

होडीवरून एक सांगायचं राहिलं. आपण लाइफ जॅकेट घालून तासभर फिरतो त्याला साहस म्हणतो. इंदापूर आणि करमाळा यांच्यामध्ये धरणाने एवढं पाणी पसरवलं की समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. म्हणून लोक होडीनेच जातात, लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तिथल्या पुलाची मागणी त्याआधीपासूनची होती.

काठावर उतरताना काका म्हणाले, “मे म्हैन्यात या. पाखरं नसत्यात, पन इहीर दिसंल.” जायचं ठरवलंय, रेकॉर्डर घेऊन. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणाचं गाव किंवा आजोळ त्या पाण्याखाली असेल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. दोन मिनिटांचा चालेल, वीस मिनिटांचाही चालेल. गावाचं नाव तेवढं सुरुवातीला नीट सांगा.